पाटी त्यांची, रात्रपाळी आपली

मध्य न्यू जर्सीत आपल्यापैकी कुणी 'सेव्हन-इलेव्हन घेतलं' (म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानांच्या या साखळीतलं एक दुकान) म्हणालं की पहिला प्रश्न येतो, 'कितीला पडलं?' नक्की काय घेतलं, हे कुणी विचारत नाही. दुकान घेतलं म्हणजे दुकान घेतलं, त्यात विचारायचं काय! मी नुकताच या सगळ्या सोपस्कारांतून गेलो. अर्ज, मुलाखत, जाडजूड दस्तऐवज, वकील, प्रशिक्षण, मालमोजणी आणि आता रोज काउंटरमागे उभं राहणं. आमच्या मंडळातल्या काहीजणांचे चौकशीचे फोन आले. प्रत्येकाला तीच टेप ऐकवण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

माझ्याबद्दल थोडक्यात. वीसेक वर्षं आयटीत काढली. एच-वनवर आलो, ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत केस पिकले, आणि त्यानंतर काही वर्षांतच आमचा अख्खा विभाग बंद झाला. पन्नाशी उलटलेली. बायकोची नोकरी चालू होती, म्हणजे घरचा आरोग्य विमा शाबूत होता. इथे धंद्यात उडी घेणाऱ्या बऱ्याच पुरुषांच्या धाडसामागे बायकोचा विमा असतो, फक्त ते कुणी बोलून दाखवत नाही.

हीच साखळी का, तर भांडवलाचं गणित. फ्रँचायझी म्हणजे दुसऱ्याची पाटी लावून दुकान चालवण्याचा करार, आणि तो करार करणाऱ्यालाही फ्रँचायझीच म्हणतात. बहुतेक फ्रँचायझींमध्ये जागा आपण शोधायची, भाडेकरार आपल्या नावावर, आतलं बांधकाम आणि मशिनरी आपल्या खर्चाने, आणि वर विक्रीवर रॉयल्टी. सेव्हन-इलेव्हनची अमेरिकेतली रीत निराळी आहे. जागा, इमारत, फ्रीज, कॉफीची मशिनं ही कंपनीची, नाहीतर कंपनीने भाड्याने घेतलेली. आपण फ्रँचायझी फी, मालातला आपला हिस्सा, गल्ल्यातले सुट्टे आणि परवान्यांचा खर्च एवढं घेऊन जायचं आणि चालतं दुकान हातात घ्यायचं. फी प्रत्येक दुकानाची वेगळी असते, त्या दुकानाने आधी किती ग्रॉस प्रॉफिट (विक्रीतून मालाची किंमत वजा जाता उरणारा पैसा) कमावलं त्यावर ठरते. त्यामुळे 'कितीला पडलं' याला एक आकडा सांगता येत नाही. शेजारच्या गावातल्या दुकानाची फी ऐकून इथला अंदाज बांधू नये.

अर्ज भरणं सोपं होतं. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड, क्रेडिट रिपोर्ट, पैसे कुठून आणणार त्याचे कागद. मुलाखतीला मी आयटीतल्यासारखी तयारी करून गेलो होतो, पण प्रश्न सगळे माणसांबद्दल आले. रात्री दोनला कामगाराने येत नाही म्हणून कळवलं तर काय कराल? गल्ला कमी भरला तर कुणाला विचाराल आणि कसं? शाळा सुटल्यावर पोरांचा घोळका आत शिरला तर कुठे उभे राहाल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला आलं, कारण बार्शीला आमचं किराणा दुकान होतं आणि हायस्कूल समोरच होतं.

मग आला तो दस्तऐवज. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनचा नियम आहे. फ्रँचायझी विकणाऱ्याने पैसे घेण्याआधी किंवा सही घेण्याआधी किमान १४ दिवस आधी 'फ्रँचायझी डिस्क्लोजर डॉक्युमेंट' द्यायलाच हवं, आणि त्यात ठरलेली २३ कलमं असायलाच हवीत. आपल्याकडे घराच्या करारावरसुद्धा 'इथे करा सही' म्हणत पानं उलटतात. इथे सरकार म्हणतं, दोन आठवडे वाचत बसा. दस्तऐवज शेकडो पानांचा असतो. मी घरी प्रिंट काढली, पंच मारून फाइल केली आणि रोज जेवण झाल्यावर पेन्सिल घेऊन बसायला लागलो. बायको म्हणाली, पोथी लावली आहेस का?

पहिल्या कलमात कंपनीची कुळकथा आणि आई-बाप कंपन्यांची नावं असतात. इथे मी नको इतका रमलो. १९२७ साली डॅलसमध्ये साउथलँड आइस कंपनी होती. घरोघरी फ्रीज नव्हते, लोक बर्फाची लादी न्यायला यायचे. तिथल्या जेफरसन ग्रीन नावाच्या माणसाने बर्फासोबत दूध, पाव, अंडी ठेवायला सुरुवात केली, कारण बाकीची दुकानं बंद असतानाही बर्फाचं दुकान उघडं असायचं. १९४६ मध्ये सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत उघडं म्हणून सेव्हन-इलेव्हन हे नाव पडलं. १९६०च्या दशकात आधीच फ्रँचायझी देणारी कॅलिफोर्नियातली एक साखळी त्यांनी घेतली आणि तिच्यासोबत ही पद्धतही आली. १९७३ मध्ये जपानच्या इतो-योकादो या दुकानांच्या कंपनीला परवाना दिला. मे १९७४ मध्ये टोकियोच्या तोयोसू भागात पहिलं जपानी दुकान उघडलं, तेही दारूचं दुकान चालवणाऱ्या एका तरुण फ्रँचायझीचं. इकडे अमेरिकेत संस्थापक थॉम्पसन कुटुंबाने १९८७ मध्ये प्रचंड कर्ज काढून बाजारातले शेअर परत घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरात शेअरबाजार कोसळला. १९९० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि १९९१ मध्ये जपान्यांनी ७० टक्के हिस्सा घेऊन ती सोडवली. २००५ पासून ती पूर्णपणे टोकियोच्या सेव्हन अँड आय होल्डिंग्जची आहे. ज्याला पाटी वापरायला दिली, त्यानेच पुढे पाटी देणाऱ्याला विकत घेतलं. बार्शीच्या बाजारपेठेत हे घडलं असतं तर चार पिढ्या सांगत बसल्या असत्या.

मी हे वाचत होतो तो ऑगस्ट २०२४ होता, आणि त्याच महिन्यात बातमी आली की सर्कल-के ही अशीच दुकानांची साखळी चालवणारी कॅनडाची कूश-तार ही कंपनी सेव्हन अँड आयला विकत घ्यायला निघाली आहे. मी वकिलाला घाईघाईने विचारलं, मालक बदलला तर माझं काय? तो शांतपणे म्हणाला, तुमचा करार टेक्ससमधल्या सेव्हन-इलेव्हन इन्कॉर्पोरेटेडशी आहे. तिचे शेअर टोकियोत राहोत नाहीतर क्यूबेकला जावोत, करार आहे तसाच चालू राहतो. मग म्हणाला, त्यांचा मालक कोण याची काळजी सोडा, तुम्ही कशाचे मालक होणार ते सतराव्या कलमात वाचा.

पुढे कूश-तारने बोली वाढवत ४७ अब्ज डॉलरच्या आसपास नेली, मधे संस्थापक इतो कुटुंबानेच कंपनी विकत घेण्याचा घाट घातला, तोही फिसकटला, आणि जुलै २०२५ मध्ये कूश-तारने हात वर केले. तोवर मी काउंटरमागे उभा होतो आणि वकील म्हणाला होता तसंच झालं, आमच्या कॉफीच्या भावावर याचा काडीचा परिणाम झाला नाही. त्या धामधुमीत एक गोष्ट मात्र मला आवडली. सेव्हन अँड आयच्या सर्वोच्च पदावर पहिल्यांदाच एक परदेशी माणूस आला, स्टीफन डॅकस, आणि त्याचे वडील सेव्हन-इलेव्हनचे फ्रँचायझी होते. पोरवयात त्याने स्वतः दुकानात रात्रपाळी केली आहे म्हणतात. माझा मुलगा रविवारी तासभर स्लर्पीच्या (आमच्याकडच्या बर्फाळ सरबताच्या) मशीनपाशी उभा राहतो, तेही गाडीची चावी मिळणार असेल तर.

आता सतरावं कलम. नूतनीकरण, करार संपवणं, दुसऱ्याला विकणं, तंटा कुठे आणि कसा सोडवायचा हे सगळं यात असतं. ते वाचताना हळूहळू चित्र स्पष्ट होतं. जागा माझी नाही. पाटी माझी नाही. मशीन माझं नाही. बाराव्या कलमानुसार इलाखाही माझा नाही. चार रस्ते सोडून कंपनीने दुसरं दुकान काढलं तर मी काही म्हणू शकत नाही. माझं काय, तर ठरावीक वर्षं हे दुकान चालवण्याचा हक्क, मालातली माझी गुंतवणूक, ग्रॉस प्रॉफिटमधला वाटा, आणि पुढेमागे कंपनीच्या संमतीने हे सगळं दुसऱ्याला विकताना मिळणारं गुडविल, म्हणजे जमलेल्या धंद्याची किंमत. एवढंच. हे कमी आहे असं मी म्हणत नाही. पण यालाच सगळे 'दुकान घेतलं' म्हणतात.

वकिलाने एक दिलासा दिला. न्यू जर्सीचा १९७१चा फ्रँचायझी कायदा आहे. सबळ कारणाशिवाय फ्रँचायझी काढून घेता येत नाही, आणि साधारणपणे ६० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. सगळ्या राज्यांत असं कवच नाही.

तिसऱ्या कलमात कोर्टकचेऱ्या असतात. तिथल्या मॅसॅच्युसेट्सच्या खटल्यातली फिर्यादींची आडनावं बघितली तर बहुतेक आपल्याच उपखंडातली. त्या फ्रँचायझींचं म्हणणं होतं, की आम्ही स्वतंत्र धंदेवाईक नसून प्रत्यक्षात कंपनीचे नोकर आहोत, तेव्हा नोकरांचे हक्क द्या. सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे माझी फाइल अर्धी वाचून झालेली असताना, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की करारातली बंधनं पाळणं म्हणजे कंपनीची नोकरी करणं नव्हे. कायद्याने मालक ते मालकच. मी निकालाची बातमी दोनदा वाचली. पटलं का? कायदा म्हणून पटलं. पण दिवसाची सगळी विक्री ज्याला कंपनीच्या व्यवस्थेत भरावी लागते आणि आठवड्याला ठरलेली रक्कम 'ड्रॉ' म्हणून मिळते, त्या माणसाच्या मनात हा प्रश्न येतोच.

हे जमा-खर्चाचं जरा उलगडून सांगतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. रोजचा गल्ला रोज जमा करायचा. मालवाल्यांची बिलं कंपनी चुकती करते, माझ्या कामगारांचे पगाराचे चेक कंपनीच्या यंत्रणेतून निघतात, हिशेबाची वही कंपनी ठेवते. माझं एक 'ओपन अकाउंट' असतं. त्यात माल आणि खर्च नावे पडतात, विक्री जमा होते, आणि माझी स्वतःची ठरावीक किमान रक्कम त्यात शिल्लक राहायलाच हवी. बार्शीला दादा रात्री गल्ला जर्मनच्या डब्यात ओतून घरी आणायचा आणि आई नोटा सरळ करत बसायची, फोनवर त्याला हे समजावताना तो मधेच म्हणाला, "अरे, मग तू कॅशियर की मालक?" मी म्हटलं, दादा, कोर्टात हाच प्रश्न होता.

आता वाटणी. कंपनी विक्रीवर टक्के घेत नाही, ग्रॉस प्रॉफिटमध्ये वाटा घेते. म्हणजे विक्रीतून मालाची किंमत वजा जाता जे उरतं त्यात. पूर्वी निम्मं-निम्मं असं सरसकट सांगितलं जायचं. आता करारागणिक आणि दुकानाच्या उलाढालीप्रमाणे प्रमाण बदलतं. नुसत्या समजुतीसाठी गोल आकडे घेऊ. महिन्याची विक्री दीड लाख डॉलर, माल एक लाखाचा. ग्रॉस प्रॉफिट पन्नास हजार. निम्मं धरलं तर माझे पंचवीस. वाचायला छान वाटतं. आता यातून पगार माझे. दुकान २४ तास उघडं. दिवसाच्या सोळा तासांत दोन माणसं आणि रात्रीच्या आठ तासांत एक धरलं तरी रोजचे चाळीस तास, महिन्याचे बाराशे. न्यू जर्सीचं किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १५.४९ डॉलर. म्हणजे साडेअठरा हजारांवर पगार, त्यावर मालकाच्या वाट्याचे कर आणि कामगार विमा, म्हणजे एकवीसच्या आसपास. उरले चार. त्यातून तूट, फेकलेला माल, फुटलेलं, चोरलेलं.

मात्र मी स्वतः रोज बारा तास उभा राहिलो तर महिन्याचे ३६० तास वाचतात, म्हणजे साडेपाच हजार डॉलर. हीच या धंद्याची मेख आहे. एका दुकानाचा फ्रँचायझी जो नफा म्हणतो, त्यातला मोठा भाग म्हणजे त्याने स्वतःला न दिलेला पगार. नवरा-बायको, भाऊ-वहिनी, मेहुणा असे सगळे उभे राहतात तेव्हा तो आकडा फुगतो, आणि मग मंडळात बातमी पसरते की अमक्याचं दुकान सोन्याची खाण आहे. खाण आहे खरी, पण तिथे खणतं कोण ते विचारावं.

म्हणूनच कुणी दुकान दाखवताना 'विक्री' सांगायला लागलं तर त्याला थांबवून ग्रॉस प्रॉफिट विचारा. सिगारेटवर विक्री भरमसाट दिसते आणि मार्जिन चिमूटभर असतं. कॉफी, स्लर्पी, रोलर ग्रिलवरचे हॉट डॉग यांवर विक्री कमी पण सुटणारा पैसा जास्त. दोन दुकानांची विक्री तंतोतंत सारखी असून एकाचा मालक सुखी आणि दुसरा रडकुंडीला आलेला असू शकतो.

विसावं कलम हे माझ्या मते सगळ्यात मोलाचं. त्यात चालू फ्रँचायझींची यादी असते, आणि गेल्या वर्षात सोडून गेलेल्यांचीही, फोन नंबरांसकट. सोडून गेलेल्यांना फोन करा असं वकिलाने बजावलं होतं. मी संध्याकाळी फोन लावत बसायचो. काहींनी उचललाच नाही. एक बाई पेनसिल्व्हेनियाच्या, त्यांनी मला तासभर दिला. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. गुडघे गेले म्हणून सोडलं म्हणाल्या. एक पंजाबी गृहस्थ तीन दुकानांवरून एकावर आले होते. त्यांचं मत उलट: एकच दुकान ठेवायचं असेल तर ठेवूच नका, तीन झाली की मॅनेजर परवडतो आणि आपण हिशेब बघतो. मग एकावर का आलात, असं विचारल्यावर हसले आणि म्हणाले, मुलीचं लग्न.

दुकान निवडताना मी मूळच्या मेहसाण्याच्या एका काकांचं बघितलं. ते फ्लोरिडात मुलाकडे जायच्या तयारीत होते. गुडविल त्यांना द्यायचं, कंपनीने मला मंजूर करायचं, असा तिहेरी व्यवहार. काकांनी आकडे दाखवले, चहा पाजला आणि म्हणाले, "भाई, दिन में मत आओ, रात को आके बैठो." मी खरंच पार्किंगमध्ये गाडीत बसून रात्री काढल्या. टर्नपाइक या महामार्गाच्या आठ-ए एक्झिटच्या परिसरात गोदामांचं जंगल आहे, तिथल्या पाळ्या सुटल्या की गाड्यांची रांग लागायची. सुरक्षारक्षक, नर्सा, ट्रकवाले, कधी पोलीस. तीन ते साडेचार सामसूम. मग ब्रेड आणि वर्तमानपत्रं घेऊन येणाऱ्या गाड्या. वावा आणि क्विकचेक या दुसऱ्या साखळ्यांची दुकानं जवळच होती, पण गोदामातून बाहेर पडताना उजव्या हाताला पहिलं काकांचं दुकान लागायचं आणि डावीकडे वळायला तिथे सिग्नल नव्हता. माझ्या दृष्टीने गुडविलची निम्मी किंमत त्या नसलेल्या सिग्नलची होती. नगरपालिकेच्या इंजिनिअरिंग विभागात जाऊन तिथे सिग्नल प्रस्तावित आहे का, हेही विचारून आलो. क्लार्कला मी जरा वेडसर वाटलो असणार.

त्याच सुमारास, ऑक्टोबर २०२४ मध्ये, कंपनीने उत्तर अमेरिकेतली ४४४ दुकानं बंद करण्याचं जाहीर केलं. सिगारेटचा खप घसरला आहे, लोक हात आखडता घेऊन खर्च करत आहेत, ही कारणं दिली होती. बायकोने बातमी मला पाठवली, खाली एक शब्दही न लिहिता. आम्ही त्या रात्री पुन्हा कागद घेऊन बसलो आणि सिगारेटची विक्री वर्षाला थोडी थोडी कमी धरून पाच वर्षांचं गणित मांडलं. तंगी होती, पण जमत होतं.

परवान्यांचा भाग कंटाळवाणा आहे, उरकतो. लॉटरी, तंबाखू, फूड स्टॅम्प (गरिबांना खाण्यासाठी मिळणारी सरकारी मदत) घेण्याची मंजुरी, आरोग्य खात्याची तपासणी, काहीही जुन्या मालकाकडून आपोआप आपल्याकडे येत नाही. सगळे अर्ज वेळेत करा. आमचं एका कार्यालयातलं पत्र अडकलं आणि सुरुवातीच्या काळात फूड स्टॅम्पची गिऱ्हाइकं परत पाठवावी लागली. त्यातली काही अजून फिरकलेली नाहीत. कामगारांचे आय-नाइन फॉर्म (इथे काम करण्याची परवानगी असल्याचा कागद) मात्र पहिल्या दिवसापासून चोख ठेवा. जानेवारी २०१८ मध्ये इमिग्रेशन खात्याने देशभरात शंभराच्या आसपास सेव्हन-इलेव्हन दुकानांवर एकाच दिवशी तपासणी केली होती. तेव्हा जबाब द्यायला काउंटरमागे फ्रँचायझीच होता.

प्रशिक्षण काही आठवड्यांचं, दुसऱ्या एका चालत्या दुकानात. कॉफी किती वेळाने ओतून द्यायची, रोलर ग्रिलवर काय किती वाजता ठेवलं त्याची नोंद, स्लर्पीच्या सिरपचं प्रमाण. यात मला खरी गंमत वाटली ती ऑर्डर देण्याच्या पद्धतीत. जपान्यांची 'तानपिन कानरी' म्हणून पद्धत आहे, एकेका वस्तूचा वेगळा विचार. उद्या पाऊस आहे का, शाळेला सुट्टी आहे का, जवळ सामना आहे का, हे बघून उद्याची सँडविचं किती मागवायची याचा अंदाज बांधायचा, आणि दुसऱ्या दिवशी अंदाज कुठे चुकला ते बघायचं. आयटीत आम्ही याच गोष्टीला मोठमोठी नावं देऊन पैसे घ्यायचो.

आणि राइट-ऑफ. इथला हिशेब विक्रीच्या किमतीने ठेवला जातो. पाच डॉलरचं सँडविच दुकानात आलं की माझ्या नावावर पाच डॉलरचा माल चढला. ते विकलं तर गल्ल्यात पाच डॉलर दिसतात. मुदत संपून फेकलं तर फेकण्याआधी हातातल्या मशीनने त्याचा कोड टिपून 'राइट-ऑफ' करायचं. नुसतंच कचऱ्यात टाकलं तर पुस्तकात ते अजून शेल्फवरच आहे. मोजणीच्या दिवशी ते सापडत नाही आणि तेवढी तूट माझ्या नावावर पडते. प्रशिक्षण देणारी बाई कचऱ्याच्या पिंपाजवळ उभी राहून सांगायची, आधी बीप, मग पिंप. जपानमध्ये यावरून मोठा वाद झाला होता. मुदत संपत आलेला माल स्वस्तात विकायला फ्रँचायझींना अडवलं जातं म्हणून २००९ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने सेव्हन-इलेव्हन जपानला तसं करू नका असा आदेश दिला. फेकलेल्या भाताच्या डब्याचा भुर्दंड कुणी सोसायचा, हा प्रश्न टोकियोत आणि न्यू जर्सीत सारखाच.

दुकान ताब्यात घ्यायची रात्र. बाहेरच्या मोजणी-कंपनीची माणसं कमरेला मशीन लावून आली. एकेक शेल्फ. च्युइंगगमची पाकिटंसुद्धा. सिगारेटच्या कप्प्यांपाशी काका एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, मधे मोजणारी मुलगी. ती तोंडाने आकडे पुटपुटत होती आणि काकांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. एका कप्प्यात तिच्या मोजणीत एक पाकीट कमी आलं. काकांनी खाली वाकून रॅकच्या मागे हात घातला आणि मागे सरकलेलं पाकीट काढून दिलं, न बघता. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांना ते कुठे पडतं हे ठाऊक होतं. लॉटरीची तिकिटं क्रमांकाने, गल्ला नाण्यांसकट. मोजणी चालू असताना गिऱ्हाइकं येतच होती, कारण दुकान बंद होत नाही. मग याद्यांवर सह्या झाल्या, काकांनी कंपनीच्या माणसाकडे चावी दिली आणि त्याने ती मला. दाराला कुलूप लावायची वेळच येत नाही, मग ही चावी कशाची, असं मी विचारलं. काका म्हणाले, ऑफिसची.

हे २४ तासांचं प्रकरण हलक्यात घेऊ नका. ख्रिसमसला उघडं, हिमवादळात उघडं, दिवाळीला तर उघडंच उघडं. जपानमध्ये ओसाकाजवळच्या एका फ्रँचायझीने २०१९ मध्ये माणसं मिळेनात म्हणून रात्री दुकान बंद ठेवायला सुरुवात केली. करार रद्द झाला, तो कोर्टात गेला आणि २०२२ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. पण त्या वादानंतर तिथे रात्री बंद ठेवण्याची मुभा काही दुकानांना मिळू लागली. इथे माझा पहिला उन्हाळा रात्रीचा माणूस शोधण्यात गेला. ११ जुलैला, म्हणजे अमेरिकेत ७/११ लिहितात त्या तारखेनेच सेव्हन-इलेव्हनचा दिवस असतो तेव्हा, फुकट स्लर्पीसाठी पोरांची रांग दाराबाहेर गेली होती आणि मी आदल्या रात्रीपासून उभा होतो.

अंधेरीच्या चुलतभावाने मधे विचारलं, की २०२१ मध्ये तिथे सेव्हन-इलेव्हन उघडलं, तर भारतात मला फ्रँचायझी काढून दे ना. त्याला सांगितलं, तिथले हक्क आधी फ्यूचर समूहाकडे होते, तो करार संपला आणि मग रिलायन्स रिटेलकडे आले. देशपातळीचा परवाना एका कंपनीला, असं ते चालतं. थायलंडमध्ये सीपी ऑल ही कंपनी आहे, तसं. इथला करार दाखवून तिथे काही मिळत नाही. व्हॉट्सॲपवर कुणी 'इतके लाख भरा, दुकान मिळवा' असं पाठवत असेल तर आधी त्याच्याकडे कागद मागायचे. तो म्हणाला, कागद मागितले की ते ब्लॉक करतात.

पहिल्या तिमाहीच्या मोजणीत आमची तूट अंदाजापेक्षा जास्त निघाली. चोरी धरून चाललो होतो, म्हणून कॅमेऱ्याची चित्रफीत बघत बसलो. चोरी फारशी नव्हतीच. रात्रीचा पोरगा प्रामाणिक, पण पहाटेचा सँडविचचा खोका यायच्या आधी शेल्फ रिकामं करायच्या घाईत जुना माल थेट पिंपात टाकत होता. बीप न करता. त्याला ओरडण्यात अर्थ नव्हता, नवीन माणूस मिळवायला आणखी एक उन्हाळा गेला असता. आता फेकायचा माल त्याने निळ्या क्रेटमध्ये ठेवायचा, सकाळी सहाला मी येतो, आम्ही दोघं मिळून बीप करतो आणि तो यादीवर सही करून घरी जातो. पुढची मोजणी महिन्याअखेरीस आहे.